जुनी शिडाची बोट नागपुरात उभी करताना: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

नागपूरला समुद्र नाही, पण जुन्या शिडाच्या बोटी इथे येत राहतात. हैदराबादच्या एखाद्या क्लबाने निकाली काढलेली लेझर नावाची बोट ट्रकवर चढून येते. बदलीवर निघालेला लष्करी अधिकारी आपली एंटरप्राइज ही बोट ओळखीच्या माणसाला देऊन जातो. एखाद्या शाळेच्या गोदामात पोरांच्या ऑप्टिमिस्ट बोटी पालथ्या पडलेल्या सापडतात. बोट अंगणात आली की प्रश्नांची रांग लागते: हिचं मॉडेल कोणतं, हा तुटका तुकडा कशाचा, तो मिळेल कुठे, फायबरला हात कोण लावेल, आणि शेवटी उतरवायची कोणत्या पाण्यात. मी या वाटेने गेलो आहे, इतरांच्या बोटींवरही काम केलं आहे. नागपुरात जे खरोखर जमतं तेच इथे क्रमाने लिहितो.

बोटीच्या सुट्या भागांचं दुकान शोधत शहरभर फिरू नका. त्याऐवजी दोन गोष्टी पक्क्या करा. आपली बोट नेमकी कोणती आहे हे ठरवा, आणि कोणतं काम कोणत्या महिन्यात करायचं हे ठरवा. बाकीचं इतवारीचा बाजार, लकडगंजातले लाकूडवाले, हिंगणा एमआयडीसीतले कारागीर आणि इतर बोटमालक मिळून निभावतं.

१. आधी बोट ओळखा

सुटे भाग मॉडेलप्रमाणे मिळतात, लांबीप्रमाणे नाही. 'चौदा फुटी जुनी बोट आहे, सुकाणू पाहिजे' असं विचारलंत तर कुणीच मदत करू शकत नाही. आपल्याकडे बहुधा पुढच्यांपैकी एखादी बोट येते.

ऑप्टिमिस्ट ही २.३ मीटरची, सपाट कापलेल्या नाळेची (म्हणजे पुढच्या टोकाची), एका मुलाची बोट. तिचं चौकोनी शीड तिरप्या काठीने ताणलेलं असतं. क्लार्क मिल्स यांनी १९४७ साली फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटरला ती आखली ती आठ बाय चारच्या प्लायवूडमधून निघावी म्हणूनच, त्यामुळे लांबी आठ फुटांच्या आत राहिली. लकडगंजात आजही तीच आठ बाय चारची शीट मिळते. म्हणून लाकडी ऑप्टिमिस्ट ही शिकण्यासाठी सगळ्यात सोयीची बोट असं माझं स्पष्ट मत आहे.

एंटरप्राइज दोघांची, ४.०४ मीटर लांब. जॅक होल्ट यांचा १९५६ सालचा आराखडा. शिडं निळी आणि त्यांवर इंग्रजी ई हे अक्षर, त्यामुळे शीड सोबत असेल तर ओळख पटायला वेळ लागत नाही. शीड नसेल तर बोट पालथी करून बघा: बूड गोल नसतं, दोन्ही बाजूंना दोन-दोन कोन मोडलेले दिसतात. या बोटी पूर्ण लाकडी, पूर्ण फायबरच्या, आणि फायबरचं बूड व लाकडी डेक अशा तिन्ही प्रकारांत बांधल्या गेल्या. तुमची यांतली कोणती हे वहीत पहिल्या ओळीत लिहा, कारण दुरुस्तीची रीत त्यावरच ठरते. एनसीसीच्या नौदल शाखेचे कॅडेट एंटरप्राइजवर शिडं हाकायला शिकतात. त्यामुळे ही बोट माहीत असलेली माणसं नागपुरात तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त भेटतील. माजी कॅडेटना जरूर विचारा.

लेझर एकट्याची, सुमारे ४.२ मीटरची, फायबरची. ब्रूस कर्बी यांनी १९६९ मध्ये कागदावर उतरवली आणि १९७१ मध्ये ती बाजारात आली. डोलकाठी दोन तुकड्यांची असते आणि शिडाची लांब बाही वरून तिच्यावर चढवतात. इथे नवख्या माणसाचा हमखास गोंधळ होतो, कारण २०१९ पासून या वर्गाचं, म्हणजे या आराखड्याच्या सगळ्या बोटींचं, नाव आयएलसीए (त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची इंग्रजी आद्याक्षरं) झालं आहे. जुनी लेझर स्टँडर्ड म्हणजे आयएलसीए ७, रेडियल म्हणजे आयएलसीए ६ आणि ४.७ म्हणजे आयएलसीए ४. बोटीचं अंग तिन्हींत एकच, डोलकाठीचा वरचा तुकडाही एकच. बदलतो तो खालचा तुकडा आणि शीड. सेकंडहँड शीड घेताना खालचा तुकडा त्याच मापाचा आहे ना हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

याशिवाय फायरबॉल (पीटर मिल्न, १९६२, ४.९३ मीटर, बोथट रुंद नाळ) आणि ओके डिंगी (क्नुड ओल्सेन, १९५७, एकट्याची) क्वचित दिसतात. १९८२ च्या एशियाडमध्ये फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉलमध्येच भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं. अशी बोट हाती लागली तर ती मोडीत जाऊ देऊ नका.

नंबर कुठे शोधायचा? शिडावरचा नंबर हा बोटीचा नंबर धरू नका, शिडं एका बोटीवरून दुसरीवर फिरतात. लेझरवर नंबर नाळेच्या कडीखाली डेकवर किंवा मागच्या सपाट भिंतीवर, म्हणजे ट्रान्समवर, उमटवलेला असतो. नंतरच्या बोटींना बसायच्या खाचेत मागे एक पट्टीही असते. लाकडी बोटीत नंबर ट्रान्समच्या आतल्या बाजूला, बुडाच्या मधल्या लांब लाकडावर किंवा सेंटरबोर्डच्या (बुडातून पाण्यात उतरणाऱ्या फळीच्या) पेटीवर कोरलेला असू शकतो. तो रंगाच्या चार थरांखाली असतो, म्हणून पॉलिश पेपर मारण्याआधी तिरका टॉर्च पाडून बघा. अमेरिकेत १९७२ नंतर बांधलेल्या बोटीला ट्रान्समच्या उजव्या बाजूला बारा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. त्यातली पहिली तीन अक्षरं बनवणाऱ्याची.

२. पैसे देण्याआधी काय बघायचं

बोट बघायला जाताना जाड मुठीचा स्क्रूड्रायव्हर, आरी (टोच्या, करवत नव्हे), टॉर्च, टेप आणि वजनकाटा घेऊन जा. स्क्रूड्रायव्हर उलटा धरून त्याच्या मुठीने डेकभर हळूहळू ठोकत जा. चांगल्या फायबरचा आवाज टणक आणि आखूड येतो. थर सुटले असतील तिथे तो एकदम भद्द होतो. अशा जागेभोवती पेन्सिलने गोल करा, फोटो काढा. डोलकाठीच्या खोबणीच्या आजूबाजूला, सुकाणूच्या कड्यांपाशी आणि माणूस बसतो त्या कडेला जास्त वेळ द्या.

मग वजन. कोरड्या लेझरचं रिकामं अंग सुमारे ५९ किलो असतं. बाथरूमचा काटा आधी नाळेखाली, मग मागे ठेवून दोन्ही आकड्यांची बेरीज केली तरी अंदाज येतो. आठ-दहा किलो जास्त भरली तर आतल्या फोमने पाणी धरलं आहे. बोट सोडून द्यायला हे कारण पुरेसं नाही, पण किंमत कमी करायला आहे.

लेझरची डोलकाठी ज्या खोबणीत बसते ती पाण्याने भरा, पातळीवर पेनाने खूण करा आणि तासाभराने बघा. पातळी उतरली तर खोबण आतून फुटली आहे. ही दुरुस्ती होते, पण डेकला भोक पाडून आत हात घालावा लागतो.

लाकडी बोटीत आरीचं टोक कोपऱ्यांत दाबून बघा: ट्रान्समचे खालचे कोपरे, सेंटरबोर्डची पेटी बुडाला जिथे मिळते ती रेघ, डोलकाठीखालचा ठोकळा. टोक लोण्यात गेल्यासारखं आत गेलं की लाकूड कुजलं आहे. विकणाऱ्याची परवानगी घेऊनच हे करा.

सगळ्यात मोठा सापळा असतो तो स्वस्त रिकाम्या अंगाचा. डोलकाठी, बूम (शिडाखालची आडवी काठी), सुकाणू, सेंटरबोर्ड आणि शीड नसलेली बोट फुकट मिळाली तरी महाग पडते. उलट, अंगाला भेगा असलेली पण सगळं सामान जागच्या जागी असलेली बोट घ्या. फायबर नागपुरात दुरुस्त होतं. लेझरची डोलकाठी नागपुरात बनत नाही.

३. कागद

हे सोबत असू द्या:

– विकणाऱ्याच्या सहीची पावती किंवा साधं विक्रीपत्र, त्यात मॉडेल, बोटीचा नंबर, शिडाचा नंबर आणि सोबतच्या सामानाची यादी
– विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत
– क्लब, शाळा किंवा सरकारी लिलावातून घेतली असेल तर निर्लेखनाचा (बोट त्यांच्या नोंदीतून कमी केल्याचा) किंवा माल सोडल्याचा कागद
– असल्यास जुनं मापन प्रमाणपत्र
– बोट परदेशातून आली असेल तर कस्टमचे कागद
– अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर पार्किंगमध्ये किंवा गच्चीवर बोट ठेवायला सोसायटीची लेखी परवानगी

शेवटच्या कागदाकडे दुर्लक्ष करू नका. बोट आल्यावर परवानगी मागितली की ती मिळत नाही.

बोटीला इंजिन लावायचा विचार असेल तर अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ प्रमाणे सर्वेक्षण आणि नोंदणीचा विषय येतो. शिडाच्या बोटीला सुरुवातीला इंजिनाचा फाटा फोडू नये असा माझा सल्ला.

४. आणायची कशी

हैदराबाद आणि नागपूर राष्ट्रीय महामार्ग ४४ वर आहेत, त्यामुळे परतीचा रिकामा ट्रक मिळणं अवघड नसतं. भोपाळकडूनही तसंच. छोटा हत्ती चार मीटरच्या बोटीला पुरत नाही. लांब पाट्याचा पिकअप किंवा आयशर बघा. बोट पालथी घाला, खाली जुने टायर आणि गाद्या, दोर कडेवरून न्या आणि दोराखाली पोतं घाला. डोलकाठी वेगळी बांधा, तिच्यावर दुसरा माल ठेवू देऊ नका. ती मागे बाहेर येत असेल तर टोकाला लाल कापड बांधा. निघण्याआधी बोल्ट, कप्प्या, शॅकल असलं सगळं सुटं सामान एका बंद डब्यात भरून तो स्वतःजवळ ठेवा. वाटेत हरवतं ते हेच, आणि पुन्हा मिळत नाही तेही हेच.

५. उघडण्याआधी वही

मी यावर फार आग्रही आहे. एकही स्क्रू काढण्याआधी बोटीची वही करा. पहिल्या पानावर मॉडेल, नंबर, बांधणीचा प्रकार, आधीचे मालक जेवढे कळतील तेवढे, बोट कुठल्या पाण्यात होती. त्यापुढे प्रत्येक जोडकामाचं एक पान: ते कुठे बसतं, भोकांमधलं अंतर, स्क्रूचा व्यास आणि लांबी, पट्टी शेजारी ठेवून काढलेला फोटो. माप व्हर्नियर कॅलिपरने घ्या. सुकाणूच्या खिळ्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरने चुकली तर मागवलेला भाग बसतच नाही.

काढलेला भाग कितीही गंजका असला तरी टाकू नका. झिप पिशवीत घाला, चिठ्ठी लावा. हिंगण्याच्या लेथवाल्याला चित्र दाखवण्यापेक्षा तो मोडका तुकडा दाखवा, तो लगेच समजतो. लाकडी भागांचे, म्हणजे सुकाणू, सेंटरबोर्ड आणि डेकच्या कडा यांचे ब्राऊन पेपरवर पूर्ण आकाराचे छाप काढून ठेवा. हे छाप पुढे दुसऱ्याच्या बोटीला उपयोगी पडतात.

६. नागपूरचं वर्ष कामाला लावा

समुद्रकाठच्या मार्गदर्शनात हे मिळणार नाही. आपल्याकडे तीन ऋतू तीन वेगळ्या कामांचे आहेत.

एप्रिल-मे: वाळवण. हवा कोरडी ठक्क असते आणि पारा पंचेचाळिशीकडे जातो. पाणी धरलेली लेझर वाळवायला यापेक्षा चांगली हवा नाही. डेकवर झाकणाचं गोल भोक पाडा, त्यातून कुलरचा पंखा आत वारा मारेल असा लावा, बोट सावलीत ठेवा, दुसरीकडून हवा बाहेर पडायला वाट ठेवा. वजन दर आठवड्याला वहीत लिहा. ते उतरायचं थांबलं की बोट कोरडी. जुना रंग खरवडायचं कामही याच दिवसांत.

मात्र रेझिनला (फायबर चिकटवणाऱ्या, घट्ट झाल्यावर टणक होणाऱ्या द्रवाला) उन्हाळ्यात हात लावू नका. पारा दहा अंशांनी चढला की इपॉक्सी रेझिन घट्ट व्हायचा वेळ साधारण निम्मा होतो. मे महिन्याच्या दुपारी भांड्यातलं इपॉक्सी तुमच्या हातातच तापून धुरकट होईल. आणि ज्या बोटीच्या हवेच्या टाक्यांना (बोट तरंगत ठेवणाऱ्या पोकळ्यांना) बूच लागतं ती उन्हात बूच लावून कधीही ठेवू नका. आतली हवा फुगून डेक आणि बुडाचा सांधा उकलतो. जागेवर उभ्या बोटीचं बूच नेहमी उघडं.

पावसाळा: आतली कामं. दमट हवेत इपॉक्सीवर तेलकट साय येते आणि पुढचा थर धरत नाही. या महिन्यांत शिडं शिवा, दोर बदला, धातूचे भाग साफ करा, लेथची कामं करून घ्या, सुटे भाग मागवा.

ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी: रेझिन, सुतारकाम, रंग. डिसेंबर-जानेवारीत रात्री फार थंड होतात आणि रेझिन नीट घट्ट होत नाही, म्हणून सकाळी दहाच्या सुमारास सुरुवात करा, म्हणजे दिवसभराची ऊब मिळते.

७. फायबरचं काम

नागपुरात फायबरचे कारागीर भरपूर आहेत, फक्त ते स्वतःला बोटवाले म्हणत नाहीत. कुलरच्या बॉडी, पाण्याच्या टाक्या, गाड्यांचे टप बनवणारे लोक हिंगण्याच्या बाजूला भेटतात. हात सफाईदार असतो, पण त्यांना तीन गोष्टी सांगाव्याच लागतात.

पहिली: साधं रेझिन नको, आयसोफ्थॅलिक घ्या. ते पाण्यात जास्त टिकतं.

दुसरी: भेग नुसती वरून लिंपायची नाही. भेगेच्या दोन्ही बाजूंना उतार घासायचा, जाडीच्या साधारण बारा पट रुंद. तीन मिलिमीटर जाड अंग असेल तर छत्तीस मिलिमीटरचा उतार. एवढं घासताना पाहून मालकाच्या पोटात गोळा येतो, पण नवीन मॅट (काचतंतूंची चादर) धरते ती याच उतारावर. ४५० ग्रॅमच्या मॅटचा एक थर साधारण एक मिलिमीटर जाडी देतो, त्यावरून थर मोजा. मॅटच्या वजनाच्या अडीच पट रेझिन लागतं. त्याहून जास्त ओतलं तर काम जड आणि ठिसूळ होतं.

तिसरी, आणि ही जिवाची आहे: कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते) आणि हार्डनर, ज्याला बाजारात बरेचदा नुसतं कॅटॅलिस्ट म्हणतात, हे दोन कधीही थेट एकमेकांत मिसळू नका. स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण घोटा, मग हार्डनर टाका, एक ते दोन टक्के. दोन्हींच्या बाटल्या वेगळ्या कपाटात. चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय काम सुरू करू देऊ नका. कारागीर 'काही नाही होत भाऊ' म्हणतील, तरी आपण आणून द्यायचे.

इपॉक्सी की पॉलिएस्टर (वरचं आयसोफ्थॅलिक हे पॉलिएस्टरच), हा प्रश्न नेहमी येतो. जुन्या पॉलिएस्टरच्या अंगावर इपॉक्सी चांगलं धरतं, इपॉक्सीवर पॉलिएस्टर धरत नाही. म्हणून डोलकाठीची खोबण, सुकाणूच्या कड्या, सेंटरबोर्डची पेटी अशा ताणाच्या जागी मी इपॉक्सीच वापरतो आणि त्यावर रंग देतो. उघडं इपॉक्सी उन्हात खराब होतं.

नाळेची टोपी किंवा पाणी उडवणाऱ्या कडेचा तुकडा असा एखादा आकार हरवला असेल तर दुसऱ्याच्या बोटीवरून साचा काढता येतो. चितारओळीतल्या मूर्तिकारांच्या हातात साचा काढण्याची कला पिढीजात आहे. त्यांच्याशी बोलून बघा.

बोटीच्या हवेच्या टाक्यांची गळती तपासताना सांध्यांवर साबणाचं पाणी लावा आणि बुचाच्या भोकातून नळीने तोंडानेच हवा भरा. बुडबुडे येतील तिथे खूण करा. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर लावू नका, डेक उचकटतो.

८. लाकूड

खाऱ्या पाण्यातल्या बोटीचं धातू लवकर जातं, गोड्या पाण्यातल्या बोटीचं लाकूड. मीठ कुजण्याला आवर घालतं, पावसाचं पाणी नाही. त्यामुळे मुंबईहून आलेल्या लाकडी बोटीचे कोपरे इथे एक-दोन पावसाळ्यांत मऊ पडू शकतात. लकडगंजात एका वयस्क मिस्त्रीने ट्रान्समचा कोपरा नखाने उकरून सांगितलं, 'भाऊ, हे पाणी तलावाचं नाही न, वरून पडलेलं आहे. आत जाऊन बसलं.' बोट झाकून ठेवली होती, पण ताडपत्री डेकला चिकटलेली होती आणि हवा खेळत नव्हती. ताडपत्री नेहमी आडव्या काठीवरून तंबूसारखी टाका, दोन्ही टोकं उघडी.

प्लायवूड घेताना आयएस ७१० हा मरीनचा शिक्का बघा. आयएस ३०३ हे फर्निचरचं. शिक्क्याखालचा सीएम/एल (परवान्याचा) नंबर बीआयएस केअर ॲपवर टाकून दुकानातच तपासा. तरीही शीटची कापलेली कड बघाच: मधल्या थरात पोकळी दिसली तर ती शीट नको. आपल्याकडचं मरीन प्लाय बरेचदा गर्जनचं आणि वजनदार असतं, म्हणून जुन्या प्लायची जाडी व्हर्नियरने मोजून तेवढंच घ्या. मजबुतीच्या नावाखाली जाड प्लाय लावलं की बोट जड होते आणि तिचा तोल बिघडतो. जोड समोरासमोर लावू नका, जाडीच्या आठ पट तिरका कापून चिकटवा. सुताराचा नेहमीचा पांढरा गोंद इथे चालत नाही. इपॉक्सी वापरा.

कडेच्या पट्ट्या, सुकाणूची दांडी आणि ठोकळे यांना सागवान हवं, आणि त्या बाबतीत नागपूरकर भाग्यवान आहेत. बल्लारशा-आलापल्लीकडचा सीपी टीक (जुन्या मध्य प्रांताच्या नावाने ओळखलं जाणारं सागवान) इथल्या लाकूडबाजारात उतरतो. नव्या संसद भवनाचं सागवानही नागपूरहून गेलं. सागवानात तेल असतं, त्यामुळे चिकटवण्याआधी ताजा पॉलिश पेपर मारा, थिनरने पुसा आणि लगेच इपॉक्सी लावा. दुसऱ्या दिवशी लावलेला जोड सुटतो.

९. धातू, दोर, शीड

धातू: आपल्या गोड्या पाण्याला ३०४ ग्रेडचं स्टेनलेस पुरतं, खाऱ्या पाण्याला लागणाऱ्या ३१६ साठी अडून बसू नका. ॲल्युमिनियमच्या डोलकाठीवर स्टीलचा भाग बसवताना मध्ये प्लास्टिकचा वॉशर किंवा पातळ पत्ती घाला, नाहीतर ॲल्युमिनियम पांढरं पडून भुगा होतं. जुन्या लेझरच्या डोलकाठीच्या वरच्या तुकड्यावर, जिथे तो खालच्यात बसतो तिथे, प्लास्टिकच्या कॉलरचा रिव्हेट असतो. काठी वाकते किंवा तुटते ती बहुधा त्या भोकापाशी. रिव्हेट बदलताना भोवती बारीक चीर आहे का बघा.

डोलकाठी धरणाऱ्या वायरींवर कापसाचा बोळा फिरवा. धागा अडकला तिथे वायरीचा तंतू तुटला आहे, वायर बदला. यू क्लॅम्प लावून वेळ मारून नेऊ नका.

दोर: इतवारीत 'मजबूत पाहिजे' म्हटलं की नायलॉन हातात देतात. नायलॉन ताणतो, शीड वर चढवायला तो चालत नाही. पॉलिएस्टर मागा. स्वस्त चकचकीत प्लास्टिकचा दोर उन्हात एका मोसमात कुरकुरीत होतो.

शीड: कापड चांगलं असतं आणि आधी शिवण जाते. शिवण नखाने खरवडा, दोरा तुटत असेल तर सगळी शिवण पुन्हा मारा. ताडपत्री किंवा सीटकव्हर शिवणाऱ्याकडे झिगझॅग मशीन असेल तर तो हे करू शकतो, फक्त दोरा पॉलिएस्टरचा द्या आणि मूळच्याच भोकांमधून न्यायला सांगू नका, शेजारून नवीन ओळ मारायला सांगा. शीड गुंडाळून ठेवा, चुरगाळून नाही, आणि उन्हात फडफडत ठेवू नका.

१०. सुटे भाग कसे मिळवायचे

आधी बोटीच्या वर्गाचं नाव, नंबर आणि भागाची मापं एका कागदावर. मग इतर मालकांना विचारा: नागपूर, भोपाळ, हैदराबाद, पुणे. भोपाळच्या मोठ्या तलावावर आणि हैदराबादच्या हुसेनसागरवर शिडाच्या बोटी नियमित चालतात, त्यामुळे क्लबांच्या कोपऱ्यात जुनी जोडकामं पडून असतात. त्यांच्याकडून वापरलेला भाग घेणं बहुतेक वेळा नव्यापेक्षा शहाणपणाचं. जे मिळतच नाही तेच परदेशातून, आणि ते तीन-चार मालकांनी एकत्र मागवा. कुरिअर आणि कस्टमचा खर्च वाटला जातो.

देवाणघेवाण टिकवायची तर काही रीती पाळाव्या लागतात. भाग मागताना फोटोत पट्टी दिसली पाहिजे. उसना घेतलेला साचा किंवा अवजार परत कधी देणार ते लिहून द्या. ब्राऊन पेपरचे छाप फुकट द्यायचे, पैसे घ्यायचे नाहीत. आणि एखादी बोट खरोखर दुरुस्तीपलीकडे गेली म्हणून मोडायची ठरली, तर मोडण्याआधी तिचा नंबर, फोटो आणि सगळी मापं नोंदवून घ्या. तिचे भाग चार बोटींत जातील, पण ती कोणती होती, कुणी बांधली, कुठे चालली हे नंतर कुणालाच सांगता येणार नाही.

११. पाण्यात उतरवताना

तलावाचा मालक कोण हे आधी विचारा: महापालिका, जलसंपदा की वन खातं. लेखी परवानगी घ्या. अंबाझरी मोठा आणि वाऱ्याला मोकळा आहे, पण २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरानंतर तिथल्या बांधाचा विषय संवेदनशील आहे आणि जलपर्णीचाही त्रास होतो, म्हणून त्या वेळची स्थिती प्रत्यक्ष जाऊन बघा. फुटाळ्यात कारंज्याची यंत्रणा पाण्यातच उभी आहे, तिथे शिडाचं काम नाही. रामटेकजवळच्या खिंडसीला बोटिंग चालतं, तिथल्या चालकांशी बोलून बघा. तोतलाडोहचा जलाशय पेंच व्याघ्र प्रकल्पात येतो, तिकडे बोट नेण्याचा विचारही नको.

पहिल्या दिवशी शीड न लावता नुसती बोट काठाशी अर्धा तास तरंगत ठेवा आणि मग बूच काढून किती पाणी आत आलं ते मोजा. त्यानंतर कमरेएवढ्या पाण्यात, दोन माणसं जवळ ठेवून, बोट मुद्दाम कलंडवा आणि सरळ करून बघा. कलंडलेली बोट बुडत गेली तर हवेची टाकी गळते आहे, त्या दिवशी पुढे जायचं नाही. लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगात, पाणी उपसायला डबा दोरीने बांधलेला, एक वल्हं, ओढायला दहा मीटर दोर. मे-जूनमध्ये दुपारी वावटळ आणि वळवाचा पाऊस काही मिनिटांत येतो. पश्चिमेला काळं दिसलं की शीड उतरवा आणि काठाला या.

घरी आल्यावर बूच उघडा, बोट पालथी घाला, पाण्यात शिरलेला प्रत्येक दोर सावलीत वाळवा, आणि त्या दिवशी काय ढिलं झालं ते वहीत लिहा.